नॉमिनी लावले आहेत, मग मृत्युपत्र कशाला?

रानजाई | 3 फेब्रुवारी, रात्री 9.40

माझे वडील 79 वर्षांचे आहेत आणि राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले आहेत. डोंबिवलीला त्यांच्या एकट्याच्या नावावर 1991 मध्ये घेतलेली सदनिका आहे, बँकेत आणि टपाल खात्यात ठेवी आहेत, आणि रत्नागिरी जिल्ह्यात आजोबांकडून आलेली हापूसची लहानशी बाग आहे. आम्ही तीन भावंडे आहोत. थोरला भाऊ बंगळुरूला असतो आणि मी पुण्यात असते. धाकटा भाऊ 38 वर्षांचा असून जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. तो आईवडिलांजवळ राहतो, स्वतःचे जेवणखाण आणि कपडे सांभाळतो, पण व्यवहार करू शकत नाही.

मृत्युपत्राचा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा बाबांनी तो मिटवला. त्यांचे म्हणणे असे की सोसायटीत थोरल्याचे नॉमिनेशन आहे, ठेवींवर आईचे आहे, तुम्हा भावंडांत भांडण नाही, आणि मृत्युपत्र भांडणाऱ्यांच्या घरात करतात. त्यांच्या शेवटच्या वाक्यावर मला पटण्यासारखे उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे: नॉमिनेशन पुरेसे आहे का? नसेल तर साधे मृत्युपत्र करावे की धाकट्यासाठी ट्रस्ट करावा? नोंदणी आवश्यक असते का?

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, रात्री 10.15

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मी एकतीस वर्षे बँकेत काढली आहेत. बँकेला नॉमिनेशन हवे असते ते स्वतःच्या सोयीसाठी, कारण नॉमिनीला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते. ते पैसे पुढे कोणाचे, हा प्रश्न वारसा कायद्याचा आणि मृत्युपत्राचा असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितले, आणि शेअर व म्युच्युअल फंडाबाबत डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा सांगितले. अपवाद आयुर्विम्याचा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती, पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर ती रक्कम त्यांचीच होते.

तरीही नॉमिनेशन निरुपयोगी आहे असे समजू नये. ते नसेल तर ठेवी सोडवताना वारसांचे चपलांचे दोन जोड झिजतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि त्यांचे टक्केही ठरवता येतात. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळते ठेवावे, एवढेच माझे सांगणे आहे.

वाळवण | 3 फेब्रुवारी, रात्री 10.52

आमच्या घरी मृत्युपत्र हा शब्द उच्चारला की आजी मीठमोहऱ्या आणायला उठत असे. शेवटी काकांनी त्याला ‘इच्छापत्र’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा कुठे आजोबांनी चष्मा मागितला. तुम्हीही शब्द बदलून पाहा.

काळा_डगला | 4 फेब्रुवारी, सकाळी 8.05

वाळवण यांची युक्ती चांगली आहे, पण कागदावर मात्र ‘मृत्युपत्र’ असेच लिहावे, कारण हल्ली ‘इच्छापत्र’ हा शब्द वैद्यकीय उपचार थांबवण्याविषयीच्या पूर्वसूचनेसाठीही वापरला जातो. त्या दस्तऐवजाला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तो माणूस जिवंत असताना उपयोगी पडतो, मृत्युपत्र त्याच्या पश्चात. दोन्ही गोष्टी एकाच कागदात घालू नयेत. माझ्याकडे एक गृहस्थ तसा कागद घेऊन आले होते. व्हेंटिलेटर नको आणि दुकान धाकट्याला, ही दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात होती.

रानजाई ताई, तुमच्या वडिलांच्या वाक्याला माझे उत्तर असे आहे. मृत्युपत्र न करता ते गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्या सदनिकेत तुमची आई आणि तुम्ही तिघे भावंडे यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा होईल. (तुमची आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तिचाही हिस्सा असतो, आणि ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते.) सोसायटी नॉमिनी म्हणून थोरल्या भावाला तात्पुरता सभासद करून घेईल, पण मालकी चौघांची राहील. उद्या आईला ते घर विकून पुण्यात तुमच्याजवळ यायचे ठरले, तर खरेदीखतावर चौघांच्या सह्या लागतील. त्यांपैकी एकाला कायद्याच्या दृष्टीने करार करण्याची क्षमता नाही. त्याच्या वतीने कोण सही करणार, हे ठरवून घेण्यासाठी तुम्हाला प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जावे लागेल. तुमच्यात काडीचेही भांडण नसले तरी सही अडते. वडिलांना एवढेच सांगून पाहा.

रानजाई | 4 फेब्रुवारी, दुपारी 1.20

काळा डगला साहेब, ‘सही अडते’ हे मी आजच त्यांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी विचारले की बागेचे काय. तिथे तर सगळे वडिलोपार्जित आहे, मग मी काय लिहून देणार?

सातबारेवाला | 4 फेब्रुवारी, दुपारी 3.48

हा प्रश्न नीट विचारला गेला म्हणून आनंद झाला. आपल्याकडे आजोबांकडून आलेल्या प्रत्येक वस्तूला वडिलोपार्जित म्हणण्याची पद्धत आहे, पण कायद्याला तेवढे पुरत नाही. आजोबा कोणत्या साली वारले, बाग त्यांना कशी मिळाली आणि त्यांच्यानंतर ती वडिलांच्या नावावर कशी आली, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. आजोबांनी ती स्वकष्टाने घेतली असेल, ते हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर, म्हणजे 1956 नंतर, वारले असतील आणि बाग वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि ते ती संपूर्णपणे मृत्युपत्राने देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात हे सांगितलेले आहे.

याउलट ती खरोखरच एकत्र कुटुंबाची असेल, तर वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. हिस्सा काढताना आज वाटप झाले असते तर काय मिळाले असते, असे धरायचे. वडील, आई आणि तीन अपत्ये मिळून पाच जण, म्हणजे वडिलांचा एक पंचमांश. आईला वाटपात मुलाइतका हिस्सा धरायचा, हे 1978 च्या गुरुपाद विरुद्ध हिराबाई या निकालात आले आहे. मुलीच्या हक्काबद्दल शंका असेल तर 2020 चा विनीता शर्मा निकाल वाचावा. महाराष्ट्राने तर मुलींना हा हक्क 1994 मध्येच दिला होता, केंद्राचा कायदा 2005 मध्ये बदलला.

जुने फेरफार (जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी) काढून आणा, ते सातबाऱ्यापेक्षा अधिक बोलतात. आणि एक लक्षात असू द्यावे, की सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती महसुलाची नोंद आहे.

शिंपला | 4 फेब्रुवारी, सायंकाळी 6.30

एवढी यातायात करण्यापेक्षा सदनिका आजच बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करून टाकावी. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, शहरात स्थानिक संस्थेचा अधिभार तेवढा वेगळा पडतो. मृत्युपत्राला आव्हान मिळण्याची भीती नाही आणि पुढे वारसांची धावपळ नाही. आमच्या वडिलांनी तेच केले.

माजघर | 4 फेब्रुवारी, रात्री 8.12

शिंपला, आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि कारण सांगते. माझ्या आत्याने विधवा झाल्यावर आपले राहते घर एकुलत्या एका मुलाला बक्षीसपत्राने दिले. मुलगा सोन्यासारखा होता, त्याने आईला कधी अंतर दिले नाही. 2021 मध्ये तो 46 व्या वर्षी गेला. त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते, कारण त्या वयात कोणी करत नाही. मग त्याच्या घराचे वारस झाले चौघे: पत्नी, दोन मुले आणि आई. ज्या घराचे हप्ते आत्याने शिवणकाम करून फेडले, त्या घरात तिचा आज एक चतुर्थांश हिस्सा आहे. सून चांगली आहे म्हणून काही बिघडले नाही. पण ही सगळी मदार सुनेच्या चांगुलपणावर राहिली.

शिंपला | 4 फेब्रुवारी, रात्री 8.40

हा विचार मी केला नव्हता, हे प्रांजळपणे मान्य करतो. तरीही मुलांनी सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याने बक्षीसपत्र रद्द करून घेता येते ना?

काळा_डगला | 4 फेब्रुवारी, रात्री 9.25

येते, परंतु देणाऱ्याची देखभाल करण्याच्या अटीवर ते दिले होते, हे दाखवावे लागते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कडकपणे वाचली, तर जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात आईच्या बाजूने उदारपणे. म्हणून अट लेखी असलेली बरी. मात्र माजघर यांच्या आत्यांना तो कायदाही उपयोगी नव्हता, कारण तिथे कोणी दुर्लक्ष केलेच नव्हते. मृत्युपत्राचा मोठा गुण हा की करणारा जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते आणि मालकी त्याच्याच हातात राहते.

आता मूळ प्रश्नातील नोंदणीकडे येतो. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात किंवा टंकलिखित, कोणत्याही भाषेत चालते. मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ती सही होताना पाहणारे किंवा ‘ही माझी सही’ असे त्याच्या तोंडून ऐकणारे किमान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नसते. नोंदणी ऐच्छिक आहे, महाराष्ट्रात तिचे शुल्क 100 रुपये आहे, आणि मी ती करण्याचाच सल्ला देतो, कारण मूळ प्रत हरवली किंवा कोणी ‘हरवली’ तरी नोंद शिल्लक राहते. मात्र नोंदणी झाली म्हणजे आव्हान मिळत नाही, असे मुळीच नाही. वृद्ध करणारा, लाभ घेणाऱ्यानेच वकील ठरवलेला, एखाद्या अपत्याला कारण न देता वगळलेले, अशा संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यालाच द्यावा लागतो. हे तत्त्व 1958 च्या व्यंकटाचल अय्यंगार निकालापासून चालत आले आहे. 79 व्या वर्षी त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. ज्याला लाभ मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

गिरगावकर_मूळचा | 5 फेब्रुवारी, सकाळी 7.50

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन शिक्कामोर्तबाचा, उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? माझ्या वडिलांचे घर मुंबई शहरात होते. 2017 मध्ये ते गेल्यावर मृत्युपत्र असूनही उच्च न्यायालयातून प्रोबेट घ्यावे लागले. न्यायालय शुल्काची कमाल मर्यादा 75,000 रुपये होती आणि आम्ही ती गाठली. एकही हरकत नसताना दीड वर्ष गेले. त्यातला अर्धा काळ एका साक्षीदाराला शोधण्यात गेला, कारण दुसरा वारलेला होता.

काळा_डगला | 5 फेब्रुवारी, सकाळी 9.15

आपला अनुभव त्या काळच्या कायद्याप्रमाणे अगदी बरोबर आहे. मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांशी संबंध असलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी मृत्युपत्रांना भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 213 ने प्रोबेट सक्तीचे केले होते. डोंबिवली किंवा पुण्याच्या मिळकतीला ती सक्ती तेव्हाही नव्हती. 2025 च्या अखेरीस संसदेने ते कलमच काढून टाकले. प्रोबेट घेता येते, घ्यावेच लागते असे राहिले नाही. वाद असेल तिथे मी अजूनही ते घ्यायलाच सांगेन.

साक्षीदाराचा मुद्दा मात्र कायम आहे. वाद न्यायालयात गेला तर हयात आणि उपलब्ध असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने बरेच लहान असावेत.

जुनापुराणा | 5 फेब्रुवारी, सकाळी 11.30

मृत्युपत्राने आपल्याकडच्या केवढ्या मोठ्या माणसाला गुंतवून ठेवले होते, याची आठवण येथे अस्थानी ठरणार नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट 1897 मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने लोकमान्य टिळक इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. त्या वेळी टिळक स्वतःच राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते. पुढे दत्तकावरून ताई महाराज (बाबा महाराजांची विधवा पत्नी) प्रकरण उभे राहिले. त्यातूनच खोट्या साक्षीच्या आरोपाखाली टिळकांना 1903 मध्ये शिक्षा झाली, ती 1904 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि मूळ दिवाणी वादाचा अंतिम निकाल प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयाने) दिला तो 1915 मध्ये. मित्राला दिलेला शब्द अठरा वर्षे पुरला. आपल्या मृत्युपत्रात कोणाचे नाव व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून घालण्यापूर्वी त्या माणसाला विचारून घ्यावे, ही माझी नम्र सूचना.

वाळवण | 5 फेब्रुवारी, दुपारी 12.05

माझ्या मेहुण्याने मला न विचारता व्यवस्थापक केले आहे. आता मला त्याच्या प्रकृतीची खरी काळजी वाटू लागली आहे.

मांडवीतीर | 5 फेब्रुवारी, दुपारी 2.34

येथील बहुतेक सल्ला गोमंतकीयांना लागू नाही, हे नोंदवून ठेवतो. गोव्यात वारशाची परंपरा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची आहे आणि आता 2012 चा गोवा उत्तराधिकार कायदा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे अर्धी आधीच पत्नीची. उरलेल्या अर्ध्यापैकी निम्मा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. माझ्या वडिलांनी मोठ्या उत्साहाने ‘सगळे घर मुलीला’ असे ठरवले होते. नोटरीकडे गेल्यावर त्यांना कळले की त्यांच्या स्वतःच्या हातात घराचा चौथा हिस्साच आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की गोमंतकीयाची गोव्याबाहेरील भारतातील मिळकतही याच नियमाने जाते. मुंबईत फ्लॅट घेतलेल्या गोवेकरांनी हे अवश्य पाहावे.

फुलवात | 5 फेब्रुवारी, रात्री 11.10

मी कॅलिफोर्नियात राहते. तिथे मृत्युपत्र असले तरी प्रोबेट टळत नाही आणि वकिलाचे शुल्क कायद्याने ठरलेले आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर 4 टक्के, पुढच्या लाखावर 3, त्यापुढील आठ लाखांवर 2. कर्ज वजा न करता घराच्या पूर्ण किमतीवर ते मोजतात आणि व्यवस्थापकालाही तेवढेच घेता येते. म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबेही घर हयातीतच रद्द करता येण्याजोग्या ट्रस्टमध्ये ठेवतात. ते पाहून मी भारतातील आईवडिलांनाही ट्रस्टचा आग्रह धरत होते. नाशिकच्या घराला तशी निकडच नव्हती, हे उशिरा कळले.

एक चूक मात्र माझ्या हातून होता होता राहिली. भारतातील मिळकतीसाठी मी भारतातच मृत्युपत्र केले होते. पुढे अमेरिकेतील कागद करताना वकिलांच्या ठरावीक मसुद्यात पहिलेच वाक्य होते की यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. सही केली असती तर भारतातले मृत्युपत्र त्या एका वाक्याने गेले असते. ते वाक्य ‘भारताबाहेरील मिळकतीपुरते’ असे बदलून घेतले.

सावली | 6 फेब्रुवारी, पहाटे 5.55

चर्चा चांगली चालली आहे, पण रानजाईंच्या प्रश्नाचा गाभा त्यांचा धाकटा भाऊ आहे आणि तो बाजूला पडतो आहे असे वाटले म्हणून लिहिते. माझा मुलगा 27 वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. या वाटेवर मी नऊ वर्षे चालते आहे.

पहिली गोष्ट पालकत्वाची. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. ‘माझ्यानंतर थोरल्याने त्याचे पालक व्हावे’ असे मृत्युपत्रात लिहिले, तरी सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तेवढ्याने पालक नेमला जात नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. वडील हयात असतानाच त्यांचे पालकत्व करून घ्यावे, म्हणजे कागदपत्रे तयार राहतात आणि पुढचा पालक नेमणे सोपे जाते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मला तो जाच वाटला नाही. उलट माझ्यानंतर कोणीतरी हिशेब मागणार आहे याचा धीर वाटला.

दुसरी गोष्ट पैशाची. रानजाई, तुमचे वडील सरकारी निवृत्तिवेतन घेतात. अशा अपत्याला आईवडिलांनंतर आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन त्याचे नाव वडिलांच्या हयातीतच कोषागाराच्या कागदांत लावून घ्या. घराचा हिस्सा, बागेचा हिस्सा या सगळ्यापेक्षा दरमहा येणारी ती रक्कम अधिक मोलाची आहे, आणि तिच्यासाठी मृत्युपत्रात एक ओळही लागत नाही.

तिसरी गोष्ट ट्रस्टची. मिळकत थेट त्याच्या नावे ठेवली तर प्रत्येक व्यवहार अडतो. भावाच्या नावे ‘तू त्याला सांभाळ’ म्हणून ठेवली तर ती कायद्याने भावाची होते, आणि त्याचे कर्ज, घटस्फोट किंवा मृत्यू यांबरोबर तिचे काहीही होऊ शकते. म्हणून आम्ही मृत्युपत्रातूनच अस्तित्वात येणारा खाजगी ट्रस्ट लिहिला. दोन विश्वस्त नातेवाईक आहेत आणि तिसरे एक सनदी लेखापाल, ज्यांचा आमच्या वारशात काहीही हितसंबंध नाही. मुलाच्या पश्चात उरलेली रक्कम त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला जाईल, विश्वस्तांना नाही. हे कलम लिहिताना नवरा म्हणाला, इतका अविश्वास बरा नव्हे. मी म्हटले, हा अविश्वास नाही, विश्वस्तांच्या मागे उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून आहे.

आणि एक कागद कोणताही वकील करून देत नाही. मुलाला कोणते औषध कधी, कुकरच्या शिट्टीला तो घाबरतो, दाढी कोण करतो, रात्री दिवा चालू लागतो, हे मी एका वहीत लिहिले आहे आणि दर दिवाळीत सुधारते. विश्वस्तांना पैसे कसे वापरायचे ते कळेल. कशासाठी वापरायचे ते त्या वहीत आहे.

हिशेबनीस | 6 फेब्रुवारी, सकाळी 10.02

सावली ताई, आपला प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक शंका आदरपूर्वक मांडतो. ट्रस्टच्या उत्पन्नावर वरच्या कमाल दराने कर लागतो, वेगळे खाते आणि पॅन लागते, दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते. एक सदनिका आणि मर्यादित ठेवी असलेल्या कुटुंबाला हा भार पेलेल का?

सावली | 6 फेब्रुवारी, सायंकाळी 7.18

शंका योग्य आहे. विश्वस्तांच्या मर्जीने वाटप होणाऱ्या ट्रस्टला कमाल दर लागतो, पण मृत्युपत्राने केलेला आणि त्या व्यक्तीने तसा केलेला एकमेव ट्रस्ट असेल तर त्याला सवलत आहे, सर्वसाधारण दराने कर लागतो. आम्ही हयातीत न करता मृत्युपत्रातून ट्रस्ट केला, त्याचे एक कारण हेच. खर्चाबाबत आपण म्हणता ते खरे आहे. रानजाईंच्या वडिलांनी सर्व काही ट्रस्टमध्ये घालू नये, धाकट्याच्या वाट्यापुरतेच घालावे.

पिंपळपान | 7 फेब्रुवारी, दुपारी 4.45

सगळे वडिलांच्या मृत्युपत्राबद्दल बोलत आहेत, आईच्या मृत्युपत्राचे काय? वडिलांनंतर बरेचसे तिच्या नावे येईल आणि मग तेच सारे प्रश्न पुन्हा उभे राहतील. दोघांनी एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या कागदांवर करावे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगते. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी पती आणि मुलांना जाते, ते नसतील तर पतीच्या वारसांना, आणि त्यानंतर तिच्या स्वतःच्या आईवडिलांना. माझी मैत्रीण लहान वयात विधवा झाली, मूल नव्हते, माहेरी राहून तिने पंचवीस वर्षे नोकरी केली. तिला हे मी सांगितले तेव्हा तिने हातातला चहा तसाच ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात तिने आईच्या नावे मृत्युपत्र केले. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2025 मध्ये स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले होते.

रानजाई | 22 मार्च, रात्री 10.30

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगायला उशीर झाला, कारण जुने फेरफार मिळायला पाच आठवडे लागले. सातबारेवाले काकांचा अंदाज खरा निघाला. बाग आजोबांनी 1962 मध्ये विकत घेतलेली होती आणि ते 1979 मध्ये वारले. घरात साठ वर्षे जिला वडिलोपार्जित म्हणत होतो, ती एकट्या बाबांची आहे.

बाबांचे मन ‘सही अडते’ या वाक्याने वळले. त्यांनी स्वतःच्या हाताने चार पाने लिहिली. आईला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, धाकट्याचा वाटा ट्रस्टमध्ये, बाग आम्हा दोघांना. वकिलांनी मसुदा नीट करून दिला आहे. कोषागारात धाकट्याचे नाव लावण्याचा अर्ज दिला आहे. समितीकडचा अर्ज अजून व्हायचा आहे. आईने वही सुरू केली आहे. त्यातले पहिले वाक्य असे आहे की त्याला आमटीत गूळ जास्त लागतो.

दोन गोष्टी अडल्या आहेत. बागेतली कलमे कधीही तोडू नयेत अशी अट बाबांना मृत्युपत्रात घालायची आहे. आणि साक्षीदार म्हणून त्यांनी शेजारच्या काकांचे नाव ठरवले आहे. ते 81 वर्षांचे आहेत. मी नको म्हटले तर बाबा म्हणाले, त्याला वाईट वाटेल, पस्तीस वर्षांचा शेजार आहे.

काळा_डगला | 23 मार्च, सकाळी 8.20

पूर्ण मालकी देऊन वर अशी अट घातली तर ती टिकणे कठीण आहे. विनंती म्हणून शेवटी लिहू द्यावे. तेवढे बहुतेक मुले पाळतात.

साक्षीदारांविषयी कायद्याचे शब्द ‘दोन किंवा अधिक’ असे आहेत. काकांना तिसरे करा.

रानजाई | 23 मार्च, सकाळी 8.41

तिघे चालतात?

काळा_डगला | 23 मार्च, सकाळी 8.44

चालतात. फक्त त्यांची सही सगळ्यांत वर घ्या, म्हणजे त्यांना बरे वाटेल.